चौदा सेकंदांत कुठे पोचायचं, साहेब?

प्रति,
मा. आयुक्त,
महानगरपालिका

विषय : ज्येष्ठांच्या चांगल्या सवयी आणि त्या मोडण्यातला आपल्या कार्यालयाचा वाटा

महोदय,

१ ऑक्टोबरला जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन म्हणून आपण आम्हा म्हाताऱ्यांना सभागृहात बोलावलंत. गुलाबाचं फूल दिलंत, पांढरी टोपी दिलीत, आणि रक्तदाब-मधुमेहावरचं तासाभराचं व्याख्यान झाल्यावर बटाटेवडा आणि दोन जिलब्यांचं पाकीट दिलंत. (जिलबी मी खाल्ली. खोटं कशाला बोलू?) व्याख्यान चांगलं होतं. रोज अर्धा तास चाला, पाणी भरपूर प्या, गोळ्या चुकवू नका, चार माणसांत मिसळा, सकाळचं ऊन अंगावर घ्या. समारोपात आपण म्हणालात की सवयी शेवटी ज्याच्या त्याच्या हातात असतात. मी मागून चौथ्या रांगेत होतो. टाळ्या मीही वाजवल्या.

मग सत्कार सुरू झाले. नव्वदीतल्या एका आजोबांचं नाव पुकारलं. व्यासपीठाला सात पायऱ्या आणि धरायला कठडा नाही. आपल्या दोन कर्मचाऱ्यांनी काखेत हात घालून त्यांना जवळजवळ उचलूनच वर नेलं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात आजोबा हसताहेत. वर चढतानाचा त्यांचा चेहरा फोटोत नाही, पण आम्ही सगळ्यांनी पाहिला. हे पत्र तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी. मी भूमी अभिलेख खात्यात ३४ वर्षं भूकरमापक होतो. नोकरीला लागलो तेव्हा ३३ फुटांची साखळी असे, तिचे १६ आणे. साखळी बाय साखळी म्हणजे एक गुंठा, आणि असे ४० गुंठे म्हणजे एकर. बांधावरून डोकी फुटायच्या बेतात आलेल्या भावाभावांमध्ये उभं राहून मोजणी करायची, हद्द दाखवायची आणि चहा न घेता निघायचं, असा तो धंदा. त्यामुळे मोजल्याशिवाय तक्रार करायची नाही, ही खोड लागली ती लागलीच.

आता वय ७३. सहासष्टाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, निम्मं काम गोळी करील, उरलेलं पायांनी करायचं. त्या दिवसापासून चालतो. साडेपाचला उठणं, बागेत चार फेऱ्या, येताना दूध-भाजी, रात्री जेवण झाल्यावर गच्चीत शतपावली. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.१ होती, ती ६.७ वर आली. म्हणजे आपलं व्याख्यान मला सात वर्षांपूर्वीच पटलेलं आहे. सभागृहातून घरी येताना जो रस्ता लागतो, त्याबद्दल मला बोलायचं आहे.

आमच्या फाटकापासून बागेच्या फाटकापर्यंत ६४० मीटर भरतात. जुन्या हिशेबाने सुमारे ६४ साखळ्या. एका रविवारी टेप आणि वही घेऊन मी तो सगळा मोजला. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशी घाबरून म्हणाल्या, "काका, रस्ता रुंद होणार का? माझी गाडी कुठे न्यायची?" त्यांना म्हटलं, मी निवृत्त आहे, माझ्या मोजणीने कुणाचंही काही हलत नाही.

तर टिपण असं. ६४ साखळ्यांपैकी पदपथ आहे ४१ साखळ्या. त्यात मोकळेपणी चालता येतं ते १९ साखळ्या. बाकीच्यात विजेची डीपी आहे, फलकांचे खांब आहेत, दुकानांच्या पायऱ्या पुढे आलेल्या आहेत, आणि एका ठिकाणी आपल्याच खात्याने दोन वर्षांपूर्वी आणून ठेवलेले सिमेंटचे पाइप आहेत. त्यांत आता मांजरीची पिल्लं राहतात. पदपथाची कड बहुतेक ठिकाणी ९ इंच, एका जागी १४. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची संहिता आहे, आयआरसी १०३. ती सांगते की कड १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा उंच नको आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी जागा हवी. आपल्या अभियंत्यांकडे ही संहिता असणारच. असेल तर कपाटातून काढायला सांगा.

या ६४ साखळ्यांत मला अकरा वेळा पदपथावरून उतरावं आणि पुन्हा चढावं लागतं. पंचविशीतल्या पोराला हे कळणार नाही, कारण तो उतरतो-चढतो हेच त्याच्या लक्षात येत नाही. गुडघा झिजलेल्या माणसाला त्यातली प्रत्येक पायरी आधी बघावी लागते, मग कुठला पाय पुढे टाकायचा ते ठरवावं लागतं, मग मागून रिक्षा येते का ते पाहावं लागतं. अकरांपैकी एखाद्या वेळी अंदाज चुकतो.

आमच्या सकाळच्या गटात रेल्वेतून निवृत्त झालेले एक मित्र होते. 'होते' म्हणजे आहेत, घरी आहेत. दोन वर्षांपूर्वीच्या जुलैत पावसाचं पाणी साचलं होतं, त्याखाली वर आलेलं चेंबरचं झाकण दिसलं नाही. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया उत्तम झाली, फिजिओथेरपीवाल्या ताईंनी सहा आठवड्यांत वॉकर सोडवला. पाय बरा आहे. पण ते खाली उतरत नाहीत. दिवाणखान्यातून गॅलरीत आणि गॅलरीतून दिवाणखान्यात, तेवढंच. मी भेटायला गेलो की म्हणतात, "येतो रे सोमवारपासून." वजन वाढलंय, साखर वाढलीय, आणि पूर्वी बागेत बसून सगळ्या मंत्रिमंडळाची खातेवाटप करणारा हा माणूस आता बातम्यासुद्धा लावत नाही. हाड जुळवायला डॉक्टर आहेत. पडण्याची धास्ती मनात बसली की ती कोण काढणार? अशा माणसाला तुम्ही व्याख्यानात म्हणणार, रोज अर्धा तास चाला. तो मान डोलावणार. बाहेर ते झाकण अजून तसंच आहे, त्यावर कुणीतरी झाडाची फांदी खोचून ठेवली आहे. आपल्याकडे धोक्याची खूण म्हणजे फांदी.

आता सिग्नलकडे येतो. बाजाराच्या चौकातला रस्ता १८ मीटर रुंद. पायी जाणाऱ्यांसाठी हिरवा दिवा १४ सेकंद. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं साधारण धरतात. त्या हिशेबानेही १५ सेकंद लागतात, म्हणजे जवान माणसाचाही एक सेकंद आपण कापलेला आहे. इंग्लंडमध्ये ६५ वर्षांवरच्या लोकांची चाल मोजली होती, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. पुरुषांची सरासरी सेकंदाला ०.९ मीटर आणि बायकांची ०.८. मी घड्याळ लावून पाहिलं, मला बरोबर २० सेकंद लागले. सौ.ला २६. चौदाव्या सेकंदाला ती जेमतेम दुभाजकापाशी असते. मग दुचाक्या सुटतात आणि आम्ही दोघं हात धरून मध्येच उभे राहतो. लग्नाच्या पहिल्या वर्षातसुद्धा आम्ही रस्त्यात कधी हात धरला नव्हता, ती सोय आपण केलीत.

सिंगापूरमध्ये २००९ पासून एक युक्ती आहे. ज्येष्ठांनी आपलं सवलतीचं कार्ड सिग्नलच्या खांबावरच्या यंत्राला लावलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. आम्हाला कार्डबिर्ड नको. १४ चे २६ करा. गाडीवाले बारा सेकंद थांबतील, तेवढ्यात त्यांचा एक मेसेज वाचून होईल. तो ते तसाही वाचतातच.

आता जे लिहिणार आहे ते लिहावं की नाही याचा आठवडाभर विचार केला. सौ.ला विचारलं. ती म्हणाली, लिहा, फक्त माझं नाव घालू नका.

तिला रक्तदाबासाठी जी गोळी आहे ती घेतली की दोन-तीन तास लघवीला वारंवार जावं लागतं. मंगळवारी तिचं भजनी मंडळ, शुक्रवारी बाजार. या दोन दिवशी ती ती गोळी घेत नव्हती, आणि सकाळच्या अर्धा कप चहानंतर घरी परत येईपर्यंत पाण्याचा थेंब तोंडात घालत नव्हती. किती वर्षं, ते तिलाही आठवत नाही. मला हे कळलं गेल्या एप्रिलमध्ये, ती भर बाजारात चक्कर येऊन बसली तेव्हा. डॉक्टर तिच्यावर रागावले. मीही रागावलो, हजार वेळा सांगितलंय पाणी पी म्हणून. ती शांतपणे म्हणाली, "तुम्हाला कुठलीही भिंत चालते. मी काय करू?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मंडळातल्या बायकांना तिने विचारलं, तर बाहेर पडायच्या दिवशी पाणी तोडणं हे जवळजवळ सगळ्याच करतात. कुणी रात्रीपासून तोडतं, कुणी फक्त सकाळी. वयाबरोबर तहानेची जाणीवच मंदावते, म्हणून तहान नसली तरी पाणी प्यायची सवय लावा, असं आपल्या डॉक्टरबाईंनी व्यासपीठावरून सांगितलं तेव्हा बायकांच्या बाजूने कुणी हूं की चूं केलं नाही. आता कळतंय का. त्यांनी उलटी सवय मुद्दाम, कष्टाने लावून घेतलेली आहे.

बाजारात शौचालय आहे. मी पाहून आलो, म्हणजे पुरुषांचं पाहिलं आणि बायकांचं सौ.कडून ऐकलं. तीन उंच पायऱ्या चढून जायचं. आतली कडी तुटलेली, त्यामुळे एका बाईने बाहेर उभं राहायचं. बायकांना पाच रुपये, पुरुषांना मुतारी फुकट. मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' नावाची चळवळ सुरू केली ती २०११ साली, नेमकी याच अन्यायावरून. बाजारातलं बांधकाम भारतीय पद्धतीचं आहे, त्याला आमची काही हरकत नाही, आमची पिढी उकिडवं बसूनच वाढली. बसता अजून येतं. उठताना धरायला काहीतरी लागतं. भिंतीत पक्का बसवलेला स्टीलचा एक दांडा, दोन फूट. कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो नाही म्हणून पासष्टीच्या पुढची बाई बाजारात आत जात नाही, आत जायचं नाही म्हणून पाणी पीत नाही, पाणी पीत नाही म्हणून गोळी घेत नाही, आणि तिचा रक्तदाब का आटोक्यात येत नाही म्हणून डॉक्टर दुसरी गोळी लिहून देतात.

बागेतलं शौचालय नवं आहे, छान आहे, आणि कुलूपबंद आहे. किल्ली माळ्याकडे, माळी सात वाजता येतो, आम्ही सहाला. शहराला मिळालेल्या स्वच्छतेच्या मानांकनाचा फलक त्या कुलपाच्या बरोबर वर लावलाय.

बागेचंच निघालं म्हणून सांगतो. ती सकाळी दहाला बंद होते, ती दुपारी चारला उघडते. थंडीत आम्हा लोकांना सहाच्या काळोखात बाहेर पडणं जड जातं, साडेनऊच्या पुढे हवा बरी होते, आणि तेवढ्यात शिट्टी वाजते. कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व भरपूर मिळतं अशी आपल्याकडे समजूत आहे, व्याख्यानातही तेच आलं. पण ते त्वचेत तयार करणारे किरण सूर्य चांगला वर आल्यावरच नीट पोचतात. म्हणजे ऊन कामाचं होतं तेव्हा बाग बंद. मागे विचारलं तर उत्तर मिळालं, दुपारी कॉलेजची जोडपी येऊन बसतात. बसू देत की! आम्ही त्यांच्याकडे बघणार नाही, ती आमच्याकडे नक्कीच बघत नाहीत.

बागेत व्यायामाची यंत्रं बसवलीत. निळी-पिवळी, देखणी. त्यातल्या सायकलचं एक पेडल नाही. पण चालू असती तरी ती तरुणांची यंत्रं आहेत, छाती आणि दंड यांची. ६५ च्या पुढच्यांसाठी जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला २०२० चा आहे. आठवड्याला निदान १५० मिनिटं चालण्यासारखी हालचाल हवीच, शिवाय तीन दिवस तोल सांभाळायचा आणि ताकदीचा सराव हवा. तोल कसा सुधारतो? एका पायावर उभं राहून, टाचेला अंगठा लावत रेघेवर चालून, खुर्चीतून हात न टेकता उठून. यासाठी लागतो कंबरेइतक्या उंचीचा वीस फुटांचा एक कठडा. रंगसुद्धा लावू नका.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५१ ते ८० वयाच्या दोन हजार माणसांना त्यांनी जमिनीवर बसायला आणि उठायला सांगितलं, हात किंवा गुडघा कितीदा टेकतात त्यावर गुण दिले आणि पुढे काही वर्षं कोण किती जगतं ते पाहिलं. ज्यांना आधार न घेता उठता येत होतं ती मंडळी जास्त टिकली. मला माझी आजी आठवली. ती ऐंशीच्या घरात असतानाही पाटावरून जेवून उठताना फक्त पदर सावरायची. आम्ही डायनिंग टेबल आणलं आणि ती परीक्षा रोज दोनदा द्यायची होती, ती सुटली. हे मात्र आपल्या खात्याच्या खाती लिहीत नाही, ते आमचंच आम्ही केलं.

तसं आमचंही बरंच आहे. चार फेऱ्या मारून फाटकाबाहेर वडापाव खाणारे आमच्यात आहेत. काठी घ्यायची लाज वाटते म्हणून छत्री घेऊन फिरणारे आहेत, मे महिन्यातसुद्धा. चष्मा बदलायचा, कानाचं यंत्र लावायचं म्हटलं की "चाललंय तसं चालू दे." लोणचं आणि पापड सोडा म्हटलं तर मग जगायचं कशाला, असा प्रश्न येतो. या सगळ्याला आपण जबाबदार नाही, हे मान्य.

आपल्या व्याख्यानात महर्षी कर्व्यांचं उदाहरण आलं, १०४ वर्षं जगले म्हणून. सगळ्याच व्याख्यानांत येतं. परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून जास्त मैल ते पायी गेले होते, आणि वय लहान दिसतं म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नव्हतं. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९३६ साली, त्यांनी खेड्यांतल्या शाळांसाठी ग्रामशिक्षणाचं मंडळ काढलं. माणूस थोर, त्यात वाद नाही. पण प्रत्येक वेळी शंभरीच्या माणसाचं उदाहरण दिलं की आमच्यातला साधा, झिजलेल्या गुडघ्याचा, पेन्शनीतला माणूस मनातल्या मनात म्हणतो, ते कर्वे होते बाबा. आपण त्याला बाकडं द्या, उदाहरण राहू द्या.

बाकड्याचं लिहायचंच राहिलं. ६४० मीटरमध्ये एकही नाही. पूर्वी वडाचा पार होता, दोन घरांचे ओटे होते. पार रस्तारुंदीत गेला, ओट्यांच्या जागी शटर आली. बागेत आहेत, पाठीवर नावं रंगवलेली, पण इतकी बसकी की बसलं तर उठवायला माणूस लागतो, आणि हाताला आधार नाही. अठरा इंच उंच, दोन्ही बाजूंना हात असलेली तीन बाकडी या रस्त्यावर टाका. आमच्या मजल्यावरच्या आजींना सलग दोनशे मीटरच चालता येतं. दोनशे मीटरवर बाकडं असलं तर त्या बागेपर्यंत येतील. नसलं तर त्या घरात बसतील, आणि आपली यादी त्यांना 'अंथरुणाला खिळलेले' या रकान्यात घालील.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातले ९.९ टक्के लोक साठीच्या पुढचे होते. त्याला इतकी वर्षं झाली, आता नक्कीच जास्त असतील. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पदपथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. मी कोर्टात जाणार नाही. ३४ वर्षं कोर्टात साक्षी दिल्यात, पुरे झालं.

माझी मागणी एका कागदावर मावते, ती सोबत जोडली आहे: सिग्नलचे बारा सेकंद, एक झाकण, तीन बाकडी, बागेचं कुलूप आणि वेळ, बाजारातली कडी आणि तो दोन फुटी दांडा, सभागृहाला कठडा. यातल्या निम्म्या कामांना निविदा काढायचीही गरज पडू नये. आणि एक देऊ करतो. आमच्या गटात मी आहे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर आहेत, आणि नकाशे सुबक काढणाऱ्या चित्रकलेच्या एक बाई आहेत. आपण पत्र दिलंत तर प्रभागातला सगळा पदपथ आम्ही मोजून, कडांच्या उंचीसकट नकाशावर मांडून देऊ. मोजणी फी नाही. फक्त टेप धरायला एक तरुण मुलगा द्या, वाकायचं काम आता जमत नाही.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिनाला येतोय. अर्ज रीतसर दिलेला आहे, पोच घेतली आहे. सभा तिसऱ्या मजल्यावर असते असं समजलं. लिफ्ट चालू राहील एवढं बघा, म्हणजे सौ.ही येईल. आणि त्या मजल्यावर बायकांचं शौचालय उघडं असेल का, ते आधी कळवलंत तर ती सकाळची गोळी घेऊन निघेल.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक
(सोबत : मोजणीचं टिपण, पाने ४)